इव्हेंट फ्लॅग, सेमाफोर, क्यू की नोटिफिकेशन: आरटीओएसमध्ये काय कधी निवडावं

एका टास्कला (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाला) दुसऱ्याला एवढंच सांगायचं असतं की "माझं झालं". त्यासाठी आरटीओएस, म्हणजे अनेक टास्क वेळेत चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, चार साधनं समोर ठेवते: सेमाफोर (एक टास्क देतो, दुसरा तो मिळेपर्यंत थांबतो), क्यू (निरोपांची रांग), इव्हेंट फ्लॅग आणि थेट टास्कलाच पाठवायचं नोटिफिकेशन. शिवाय जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुणीतरी ठेवून दिलेलं एक ग्लोबल व्हेरिएबल असतंच. टेबलावर बोर्ड ठेवून चाचणी घेतली तर पाचही पास होतात. फरक उघडा पडतो तो लोड वाढल्यावर, दोन घटना एकाच क्षणी आल्यावर किंवा कर्नेल, म्हणजे आरटीओएसचा गाभा, बदलल्यावर.

निवड करताना बहुतेक जण आधी वेगाबद्दल विचारतात. माझ्या मते वेगाचा नंबर तिसरा-चौथा. आधी विचारायचं ते हे: लावलेला बिट (घटना घडल्याची खूण) पुसणार कोण, आणि नेमका कधी? याचं उत्तर एका वाक्यात देता येत असेल तर इव्हेंट फ्लॅग बिनधास्त घ्या. अडखळायला होत असेल तर सेमाफोर किंवा क्यू बरी. तिथे हा प्रश्नच येत नाही. घेतलं की संपलं.

फ्लॅगमध्ये नेमकं काय मिळतं

इव्हेंट फ्लॅग म्हणजे कर्नेलच्या ताब्यातला एक पूर्णांक आणि त्याला जोडलेली, वाट पाहणाऱ्या टास्कची यादी. पूर्णांकातला प्रत्येक बिट एका घटनेचा. टास्क एक मास्क (हवे ते बिट १ असलेला आकडा) देतो आणि म्हणतो, यातला कोणताही एक बिट लागला तरी मला उठव, किंवा सगळे लागल्यावरच उठव. सोबत टाइमआउट. वाट पाहताना टास्क ब्लॉक असतो, प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा.

या मांडणीतली "सगळे लागल्यावरच" ही सोय बाकीच्या साधनांकडून फुकटात मिळत नाही. सेन्सर तयार, नेटवर्क जोडलेलं आणि कॉन्फिगरेशन वाचून झालेलं, अशा तीन गोष्टी कोणत्याही क्रमानं पूर्ण झाल्यावरच मुख्य टास्क सुरू करायचा आहे. तीन सेमाफोर एकामागून एक घेऊनही हे जमतं, पण टाइमआउट तिघांत वाटून घ्यावा लागतो आणि दुसऱ्यावर अडकलो असताना तिसरा आला की नाही ते कळत नाही. फ्लॅगमध्ये एकच वाट, एकच टाइमआउट. वेळ संपली तर कोण यायचं राहिलं तेही समजतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वॉचडॉगचं, म्हणजे वेळेत रिफ्रेश केला नाही तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचं. चार टास्क आहेत, प्रत्येकाला एक बिट. प्रत्येक टास्क आपल्या लूपच्या शेवटी स्वतःचा बिट लावतो. एक देखरेख टास्क चारही बिटांची वाट पाहतो, ते आले की पुसतो आणि मगच हार्डवेअर वॉचडॉगला रिफ्रेश करतो. वेळेत चारही आले नाहीत तर अपेक्षित मास्कमधून आलेले बिट वजा करा. उरलेले बिट म्हणजे अडकलेले टास्क. तेवढा एक शब्द रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये लिहून ठेवा, बोर्ड पुन्हा उठल्यावर दोषी कोण ते सापडतं. हीच माहिती सेमाफोरच्या आकड्यातून काढायला गेलात तर एक टास्क दोनदा आला आणि दुसरा आलाच नाही, तरी बेरीज जुळते.

सेमाफोरशी तुलना: मोजायचं आहे का?

फ्लॅगला मोजता येत नाही. लागलेला दिवा पुन्हा लावला म्हणून दोन दिवे होत नाहीत. यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) इंटरप्टनं, म्हणजे चालू काम थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेनं, एकेका बाइटला "डेटा आला" हा बिट लावला आणि टास्क उठायच्या आत तीन बाइट आले, तर टास्क एकदाच उठणार. उठल्यावर त्यानं एक बाइट वाचून पुन्हा वाट धरली तर उरलेले दोन बफरमध्ये पडून राहतात, पुढचा बाइट येईपर्यंत. संवाद एक पाऊल मागे चालतो आणि शेवटचं उत्तर कधीच पोचत नाही. हा दोष फार जुना आहे आणि अजूनही नव्यानं लिहिला जातो.

इलाज दोन. काउंटिंग सेमाफोर घ्या, मग तीन घटनांना टास्क तीनदा सुटेल. किंवा फ्लॅगच ठेवा, पण बिट मिळाल्यावर बफर रिकामा होईपर्यंत वाचा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. बिटाचा अर्थ "एक बाइट आला" असा न धरता "बफर रिकामा नाही" असा धरला की फ्लॅग बरोबर बसतो, कारण आता तो स्थिती सांगतोय. शिवाय दर बाइटमागे टास्क उठवण्याचा खर्च वाचतो. बायनरी सेमाफोरही मोजत नाही, तेव्हा या बाबतीत तो आणि फ्लॅग सारखेच.

दुसरा मोठा फरक जागं करण्यात. सेमाफोर एकदा दिला की एकच टास्क सुटतो, सहसा सर्वात वरच्या प्रायॉरिटीचा. फ्लॅग लागला की अट पूर्ण होणारे सगळेच उठू शकतात. "नेटवर्क गेलं" ही बातमी पाच टास्कना एकदम द्यायची असेल तर फ्लॅगसारखं साधन नाही. उलट पाच कामगार टास्कपैकी कुणीतरी एकानं काम उचलायचं असेल तर फ्लॅगनं पाचही धावत येतील आणि चौघं रिकाम्या हातानं परततील.

फ्लॅगचा बिट कुलूप म्हणून वापरणारा कोडही दिसतो: बिट लागलेला म्हणजे बस (अनेक टास्क वापरतात ती जोडणी) मोकळी. असं करू नका. बिटाला मालक नसतो, त्यामुळे प्रायॉरिटी इनहेरिटन्स (वरचा थांबला असताना कुलूप धरणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती वाढवणं) नाही. खालच्या टास्कनं बस धरून ठेवली आणि मधल्या प्रायॉरिटीचा टास्क चालत राहिला तर वरचा ताटकळतो. त्यासाठी म्युटेक्स, म्हणजे मालक असलेलं कुलूप, आहे.

क्यूशी तुलना

हा निर्णय सोपा आहे. निरोपासोबत मजकूर जायचा असेल किंवा घटनांचा क्रम महत्त्वाचा असेल तर क्यू. "बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं" हा क्रम दोन बिटांत मावत नाही. वाचणाऱ्याला दोन्ही बिट लागलेले दिसतात आणि आधी काय झालं ते कळत नाही.

क्यूची किंमत मेमरीत मोजायची. फ्रीआरटीओएस या आरटीओएसच्या कागदपत्रांत एका क्यूसाठी ७६ बाइट आणि वर साठवणीची जागा असा हिशेब दिलेला आहे. तिथला सेमाफोरही आतून क्यूच असतो. म्हणून दहा वेगवेगळ्या "झालं"साठी दहा सेमाफोर करण्यापेक्षा दहा बिटांचा एक इव्हेंट ग्रुप (इव्हेंट फ्लॅगचं फ्रीआरटीओएसमधलं नाव) बराच स्वस्त पडतो. क्यू भरली तर काय करायचं हाही एक प्रश्न असतो. फ्लॅग कधी भरत नाही.

व्यवहारात दोन्ही एकत्र छान नांदतात. डेटा रिंग बफरमध्ये किंवा क्यूमध्ये ठेवायचा आणि "तिकडे बघ" एवढंच बिटानं सांगायचं. एकाच टास्कला तीन ठिकाणांहून डेटा येत असेल तर तीन बिटांच्या मास्कवर एकच वाट धरता येते. फ्रीआरटीओएसमध्ये यासाठी क्यू सेट नावाची सोय आहे, पण मला बिटांचा मार्ग वाचायला सरळ वाटतो.

टास्क नोटिफिकेशनशी तुलना

इथे थोडं थांबावं लागेल, कारण फ्रीआरटीओएस वापरणाऱ्यांची खरी कुस्ती इथेच असते. इव्हेंट ग्रुप आवृत्ती ८.०.० मध्ये आले आणि लगेच ८.२.० मध्ये टास्क नोटिफिकेशन. प्रत्येक टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमध्येच (कर्नेलकडच्या त्याच्या नोंदीतच) ३२ बिटांचा एक आकडा असतो. पाठवणारा त्यात बिट लावू शकतो, एकानं वाढवू शकतो किंवा सरळ नवी किंमत लिहू शकतो. वेगळा ऑब्जेक्ट बनवावा लागत नाही. बायनरी सेमाफोरच्या तुलनेत टास्क ४५ टक्के लवकर सुटतो असा फ्रीआरटीओएसचा दावा आहे. ३२ च्या ३२ बिट तुमचे. इंटरप्टमधून पाठवता येतं, तेही थेट.

एवढं सगळं असताना इव्हेंट ग्रुप कशाला? तीन कारणं आहेत, पण वजन सारखं नाही.

पहिलं उघड आहे: नोटिफिकेशन एकाच टास्कला जातं. पाठवणाऱ्याकडे त्या टास्कचं हँडल (ओळख) हवं. ऐकणारे अनेक असतील, किंवा कोण ऐकतंय हे पाठवणाऱ्याला माहीत नसावं अशी रचना हवी असेल, तर ग्रुप.

दुसरं: "सगळे बिट लागेपर्यंत थांब" ही अट तिथे देता येत नाही. कोणतंही नोटिफिकेशन आलं की टास्क उठतो, मग तो बिट त्याला हवा असो वा नसो. लूप घालून, आलेले बिट साठवत, हवे ते सगळे जमेपर्यंत पुन्हा वाट पाहावी लागते आणि उरलेला टाइमआउट दरवेळी स्वतः काढावा लागतो. हे बंधन फ्रीआरटीओएसचं आहे. सीएमसिस-आरटीओएस२ (वेगवेगळ्या कर्नेलवर चालणारा आर्मचा एपीआय) मधले थ्रेड फ्लॅग, आरटीईएमएसचे आणि व्हीएक्सवर्क्सचे इव्हेंट हेही टास्कलाच चिकटलेले असतात, पण तिथे "सगळे" आणि "कोणताही" दोन्ही अटी चालतात.

तिसरं कारण सगळ्यात त्रासदायक. नोटिफिकेशनचा आकडा वेगळा आणि "नवं काहीतरी आलंय" ही खूण वेगळी. समजा, टास्क झोपलेला असताना बिट ० आणि बिट ३ दोन्ही लागले. टास्क उठला, बिट ० चं काम केलं, बाहेर पडताना फक्त बिट ० पुसायला सांगितलं होतं. त्याचा हिशेब असा की बिट ३ अजून लागलेला आहे, म्हणजे पुढची वाट लगेच सुटेल. ती सुटत नाही. पहिल्याच वेळी खूण उतरलेली असते, त्यामुळे आकड्यात बिट ३ दिसत असूनही टास्क झोपतो, पुढचं नोटिफिकेशन येईपर्यंत. इव्हेंट ग्रुपमध्ये असं होत नाही. वाट धरताना बिट आधीच लागलेला असेल तर टास्क झोपतच नाही. नोटिफिकेशन वापरायचं तर पथ्य एकच: बाहेर पडताना सगळे बिट पुसा, आलेली किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि एका फेरीत सगळ्या बिटांचा निकाल लावा.

आवृत्ती १०.४.० पासून एका टास्कला नोटिफिकेशनच्या अनेक क्रमांकित जागा देता येतात. स्ट्रीम बफर आणि मेसेज बफर (डेटा पाठवायची आणखी दोन साधनं) सहसा त्यातली शून्य क्रमांकाची जागा स्वतःसाठी वापरतात. तुमचे बिटही त्याच जागी असतील तर एकमेकांच्या पायात पाय येतात.

इंटरप्टमधून बिट लावताना

एक बिट लावला की किती टास्क सुटतील हे आधी सांगता येत नाही. यादी जितकी लांब तितका वेळ. इंटरप्टमध्ये किंवा इंटरप्ट बंद ठेवून असं अनिश्चित काम करणं फ्रीआरटीओएसला मान्य नाही. म्हणून इंटरप्टमधून इव्हेंट ग्रुपचा बिट लावला की तो लागलीच लागत नाही. एक विनंती टायमरच्या कमांड क्यूत जाते आणि टायमर सांभाळणारा डीमन टास्क ती उचलून बिट लावतो.

याचे परिणाम पानभर लिहिता येतील, पण दोन लक्षात ठेवले तरी पुरे. डीमनची प्रायॉरिटी खाली असेल आणि मधला एखादा टास्क हिशेब करत बसला असेल तर इंटरप्ट वेळेवर येऊनही बिट उशिरा लागतो. ऑसिलोस्कोपवर इंटरप्ट चोख दिसतो आणि टास्क मात्र रेंगाळतो. आणि कमांड क्यू भरलेली असेल तर विनंती नाकारली जाते, फंक्शन तसं सांगतंही, पण इंटरप्टमध्ये परत आलेली किंमत तपासणारे विरळाच. दर मिलिसेकंदाला येणाऱ्या इंटरप्टसाठी म्हणूनच मी इव्हेंट ग्रुप घेणार नाही, नोटिफिकेशनच घेईन. दिवसातून चारदा येणाऱ्या इंटरप्टला ग्रुप चालेल.

थ्रेडएक्स आणि झेफर या दुसऱ्या कर्नेलमध्ये इंटरप्टमधून थेट बिट लावता येतो. मायक्रोसी-ओएस-२ मध्येही येतो, मात्र वाट पाहणारे टास्क जितके जास्त तितका वेळ इंटरप्ट बंद राहतात. खर्च कुठेतरी भरावा लागतोच. कोणी डीमनवर टाकतो, कोणी इंटरप्टच्या उशिरावर.

स्वतःचं ग्लोबल व्हेरिएबल

सी भाषेत व्हेरिएबलपुढे व्होलाटाइल लिहिलं म्हणजे काम झालं असा समज अजून पक्का आहे. व्होलाटाइल कंपायलरला एवढंच सांगतं की दरवेळी मेमरीतून वाच. "फ्लॅग्ज ऑर-बरोबर बिट ०" ही ओळ प्रोसेसरसाठी तीन पावलांची असते: वाच, ऑर कर, लिही. टास्कनं वाचलं, तेव्हा किंमत शून्य. लिहायच्या आत इंटरप्ट आला, त्यानं बिट ५ लावला आणि परत गेला. टास्क आपली जुनी प्रत लिहितो: फक्त बिट ०. बिट ५ गेला, कुठलीही खूण न ठेवता.

सी११ ची अॅटॉमिक फंक्शन वापरली तर कॉर्टेक्स-एम३ आणि त्यावरच्या प्रोसेसरवर एक्सक्लुझिव्ह लोड-स्टोअरनं हे सुटतं. कॉर्टेक्स-एम० मध्ये त्या सूचनाच नाहीत, तिथे क्षणभर इंटरप्ट बंद करावे लागतात. हे सगळं करूनही झोपण्याची सोय मिळत नाही. टास्कला फेऱ्या मारत बघत राहावं लागतं. सुपरलूपमध्ये, म्हणजे आरटीओएसच नसताना, हे ठीक आहे. आरटीओएस असताना एवढा खटाटोप कशासाठी, हे मला कळलेलं नाही.

पुसण्याची रीत: कर्नेल बदलला की नियम बदलतो

सगळीकडे नाव "इव्हेंट फ्लॅग" किंवा तत्सम, पण पुसण्याचे नियम वेगळे. कोड एका कर्नेलवरून दुसऱ्यावर नेताना खालचा तक्ता शेजारी ठेवण्यासारखा आहे.

| कर्नेल | वापरता येणारे बिट | वाट सुटल्यावर पुसतं कोण | इंटरप्टमधून |
|---|---|---|---|
| फ्रीआरटीओएस इव्हेंट ग्रुप | ३२ बिटांचा टिक (कर्नेलचा वेळ मोजणारा आकडा) असेल तर २४, १६ बिटांचा असेल तर ८ | सांगितलं तर कर्नेल, तेही फक्त वाट पाहिलेले बिट | डीमन टास्कमार्फत |
| थ्रेडएक्स | ३२ | वाचताना "क्लियर"चा पर्याय दिला तर कर्नेल | थेट |
| सीएमसिस-आरटीओएस२ | ३१ | न सांगता कर्नेल. नको असेल तर "नो क्लियर" द्यायचं | चालतं, आत काय होतं ते खालच्या कर्नेलवर |
| झेफर | ३२ | साध्या वेटमध्ये कुणीच नाही, तुम्हालाच पुसायचंय | थेट |
| मायक्रो-आयट्रॉन ४.० | अंमलबजावणीनुसार | फ्लॅग बनवतानाच ठरतं. पुसला तर सगळा पॅटर्न शून्य | इंटरप्टसाठी वेगळा कॉल |

सीएमसिसच्या ओळीत एक खोच आहे. एपीआय तोच असला तरी खाली आरटीएक्स५ (आर्मचा कर्नेल) असेल तर ३१ बिट मिळतात आणि फ्रीआरटीओएस असेल तर २४. पंचविसावा बिट वापरणारा कोड एकीकडे चालेल, दुसरीकडे पॅरामीटरची एरर देईल.

झेफरमध्ये दोन गोष्टी फ्रीआरटीओएसहून येणाऱ्याला हमखास पाडतात. तिथे "सेट" या कॉलनं आधीचे सगळे बिट जाऊन तुम्ही दिलेली किंमत बसते. बिट मिळवायचा असेल तर "पोस्ट" वापरायचं. सवयीनं सेट लिहिलं की शेजारच्या टास्कचे बिट उडालेच. दुसरं म्हणजे वेटमधला "रीसेट" हा पर्याय. नाव वाचून वाटतं की मिळाल्यावर पुसेल. तो वाट सुरू होण्याच्या आधी पुसतो, आणि सगळेच पुसतो.

आधी पुसणं मुळात वाईट नाही, पण क्रम चुकला की महागात पडतं. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारं हार्डवेअर) सुरू करून त्याच्या "पूर्ण झालं" बिटाची वाट पाहायची आहे. क्रम असा हवा: आधी जुना बिट पुसा, मग डीएमए सुरू करा, मग वाट धरा. डीएमए सुरू करून मग पुसलंत तर लहान ट्रान्सफर मधल्या मधे संपून जातो, त्याचा ताजा बिट तुम्हीच पुसता आणि टाइमआउटपर्यंत बसून राहता. मोठ्या ट्रान्सफरवर चाचणी घेतली असेल तर हा दोष कधी दिसतच नाही.

अनेक टास्क एकाच बिटाची वाट पाहत असतील आणि प्रत्येकानं "बाहेर पडताना पुस" सांगितलं असेल तर? फ्रीआरटीओएस आधी पूर्ण यादी तपासतो, ज्यांची अट भरली त्या सगळ्यांना उठवतो आणि मगच बिट पुसतो. म्हणजे बातमी सगळ्यांना पोचते. हा नियम दुसऱ्या कर्नेलमध्येही असेलच असं गृहीत धरू नका. यादी तपासतानाच बिट पुसला गेला तर तो पहिल्याला मिळतो आणि बाकीचे तसेच झोपून राहतात.

मास्क लिहिताना आणि वाचताना

बिट क्रमांक आणि मास्क यांची गल्लत हा वरवर पोरकट दोष, पण कंपायलर तो पकडत नाही. बिट ३ चा मास्क ८ असतो. कुणी ३ च दिला तर बिट ० आणि बिट १ लागतात. नावातच फरक ठेवा: क्रमांकाला एक शेपूट, मास्कला दुसरं. मास्क बनवताना साधा १ एकतीस घरं सरकवू नका, तो चिन्हासहित पूर्णांक असतो. अनसाइन्ड लाँग १ घ्या.

"कोणताही एक" अशी वाट सुटल्यावर परत आलेल्या किमतीत एकाहून जास्त बिट असू शकतात, तुम्ही न मागितलेलेही. इथे इफ-एल्स-इफची साखळी लिहिली की पहिला बिट हाताळला जातो आणि दुसरा बेवारस होतो, कारण "बाहेर पडताना पुस" नं दोन्ही पुसलेले असतात. प्रत्येक बिटाला स्वतंत्र इफ द्या. कोड पाहताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

टाइमआउटही तपासायलाच हवा, आणि तो प्रत्येक कर्नेल वेगळ्या तऱ्हेनं सांगतो. फ्रीआरटीओएस वेळ संपली त्या क्षणीची किंमत देतो, त्यामुळे "सगळे" अशी अट असताना किंमत शून्य नाही एवढ्यावर भागत नाही. मास्कशी अँड करून निकाल मास्कइतकाच आहे का ते पाहावं लागतं. झेफर शून्य देतो. थ्रेडएक्स स्टेटस वेगळं देतो आणि बिट वेगळे, म्हणजे घोटाळ्याला जागा कमी. सीएमसिसमध्ये खरी गंमत आहे. तिथे सर्वात वरचा बिट एररसाठी राखलेला असतो आणि टाइमआउटचा कोड असा की शून्यावा बिट सोडून बाकी सगळे बिट १. वरचा बिट न तपासता थेट "बिट ४ लागलाय का" विचारलंत तर टाइमआउट झाल्यावर उत्तर दरवेळी "हो". एकही घटना न घडता तुमचा टास्क तीस घटना घडल्यासारखा वागतो.

पुसण्याच्या कॉलचा मास्कही एकदा निरखून बघा. फ्रीआरटीओएस आणि झेफरमध्ये जे बिट देता ते पुसले जातात. मायक्रो-आयट्रॉनमध्ये उलट: तिथे दिलेल्या किमतीशी अँड होतो, म्हणजे जे बिट शून्य दिले ते जातात, एक दिले ते राहतात. थ्रेडएक्समध्ये वेगळा क्लियर कॉल नाही. सेटच्याच कॉलला अँडचा पर्याय द्यायचा, आणि तिथेही मास्क उलटा करूनच. बिट ३ पुसायला सरळ ८ दिलंत तर नेमका बिट ३ वाचतो आणि बाकी सगळे जातात.

मग घ्यायचं काय?

एक इंटरप्ट, एक टास्क, वेग महत्त्वाचा: नोटिफिकेशन किंवा थ्रेड फ्लॅग. यावर फार विचार करायची गरज नाही.

प्रत्येक घटना मोजली गेलीच पाहिजे, जसं एन्कोडरचा पल्स: काउंटिंग सेमाफोर, किंवा पल्स फार वेगानं येत असतील तर हार्डवेअर काउंटरलाच मोजू द्या. मजकूर किंवा क्रम असेल तर क्यू.

सिस्टिमची स्थिती अनेक टास्कना दिसायला हवी असेल, उदाहरणार्थ "नेटवर्क जोडलंय", "कार्ड आत आहे", "बॅटरी कमी", तर इव्हेंट फ्लॅग, आणि वाट पाहणाऱ्या कुणालाही पुसण्याचा अधिकार नाही. बिट लावणारा टास्कच परिस्थिती बदलल्यावर पुसेल. "नेटवर्क गेलं" याचीही वाट पाहायची असेल तर त्याला दुसरा बिट द्या, कारण बहुतेक कर्नेल बिट शून्य होण्याची वाट पाहू देत नाहीत. मायक्रोसी-ओएस-२ देतो.

अनेक टास्कनी एका टप्प्यावर एकमेकांसाठी थांबायचं असेल तर फ्रीआरटीओएसचा "सिंक" कॉल बघा. स्वतःचा बिट लावणं आणि सगळ्यांची वाट पाहणं ही दोन्ही कामं तो एका झटक्यात करतो. ती दोन वेगळ्या कॉलमध्ये केली तर मधल्या फटीत दुसरा टास्क सुटतो, बिट पुसतो, आपली फेरी संपवून पुन्हा स्वतःचा बिट लावतो, आणि पहिला मागच्या फेरीच्या बिटांची वाट पाहत अडकतो.

एका ग्रुपमध्ये स्थितीचे बिट आणि एकदा वाचून पुसायचे बिट एकत्र ठेवायचे का, हा प्रश्न शेवटी येतोच. चालतं, पण मी दोन ग्रुप करतो. एका ग्रुपमध्ये वाचणारा पुसतो, दुसऱ्यात कधीच नाही, आणि हे फ्लॅग बनवण्याच्या ओळीवरच कॉमेंटमध्ये लिहिलेलं असतं. दुसऱ्या ग्रुपवर "बाहेर पडताना पुस" असा पर्याय कुठेही दिसला तर तो दोष आहे, हे नव्या माणसालाही कोड न चालवता सांगता येतं.